सात वाजून दहा मिनिटांचं वळण

"उस्ताद तीन दिवस घराबाहेर टिकला, तर मी या गल्लीत उलटा चालीन," टेलरमास्तर दोरा दातानं तोडत म्हणाला.

"नुसतं चालून भागणार नाही," समोरच्या दारातून उस्तादची बायको म्हणाली. "या टोकापासून त्या टोकापर्यंत. भर दिवसा. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं 'मी हरलो' म्हणत."

"आणि तुम्ही हरलात तर, वहिनी?"

"तर मी चालेन. पण खेप पुरी केल्याशिवाय हे गल्लीत पाऊल टाकत नसतात, भावजी. चपला पुसून ठेवा तुमच्या."

आत उस्ताद बॅग भरता भरता सगळं ऐकत होता. लग्नाच्या आधीपासून तो ट्रकवर होता. मग एकदा दोन महिन्यांनी घरी आला, तर नुकती चालायला लागलेली थोरली त्याला बघून पलंगाखाली लपली. बिस्किटं दाखवली तरी बाहेर येईना. दुसऱ्या दिवशी त्यानं ट्रकच्या किल्ल्या परत केल्या आणि शाळेची व्हॅन धरली. त्याला नऊ वर्षं झाली. पण एवढा गडी व्हॅनमध्ये पुरता कधी मावलाच नाही. हायवेवर हॉर्न वाजला की त्याचा घास हातातच राहायचा. गाडी भरलेली आहे की रिकामी, हे तो कुणी न विचारता सांगायचा. बायको म्हणायची, "जेवा. ती तुम्हाला हाका मारत नाहीये."

आता शाळेनं स्वतःच्या बस घेतल्या आणि व्हॅनचं काम बसलं. घरात शिकणारी दोन पोरं होती. म्हाताऱ्या आईच्या गोळ्या होत्या, सकाळच्या वेगळ्या आणि संध्याकाळच्या वेगळ्या. उस्ताद जुन्या मालकापुढे जाऊन उभा राहिला.

"एक खेप देतो," मालक म्हणाला. "शुक्रवारी सकाळी नऊला माल इथल्या गोदामात पाहिजे. वेळेत आला आणि एकही नग फुटला नाही, तर काम पक्कं. नाहीतर तुझं तू बघ."

"माल काय आहे?"

"दोनशे चाळीस कमोड. नऊ वर्षं पोरं सांभाळलीस ना? आता हे सांभाळ."

पहिला दिवस उस्ताद नुसता हवेत होता. नव्या ट्रकला क्लचच नव्हता, त्यामुळे डावा पाय दिवसभर जत्रेत चुकल्यासारखा काहीतरी शोधत राहिला. पण रस्ता तोच होता. काच खाली केली की डिझेलचा, तापलेल्या डांबराचा वास यायचा. नऊ वर्षं याच वासासाठी जीव तुटत होता. समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकला त्यानं हात केला. तिघांनी उलट केला. चौथ्यानं दिवा लावून शिवी दिली, तीसुद्धा त्याला गोड वाटली.

दुसऱ्या दिवशी माल भरून तो परत निघाला आणि गडबड सुरू झाली. एका चढावर मागं काहीतरी खडखडलं आणि उस्ताद आरशात बघून दरडावला, "भांडू नका रे. दप्तरं मांडीवर." दोनशे चाळीस कमोड गप्प बसले. दुपारी त्याच्या लक्षात आलं, की आपण मघापासून सतराचा पाढा म्हणतोय. व्हॅनमध्ये परीक्षेच्या दिवसांत पोरं म्हणायची तो. जेवायला थांबला तेव्हा ढाब्यावरच्या माणसानं विचारलं, "एकटेच का?" उस्ताद म्हणाला, "हो, एकटाच." आणि पुढची पोळी त्याला जाईना.

इकडे घरी काही वेगळं नव्हतं. बायको सवयीनं दोन कप चहा ओतायची आणि दोन्ही स्वतःच प्यायची. मास्तर समोरून विचारायचा, "वहिनी, पाहुणे का?"

"मला चहा जास्त लागतो," ती म्हणायची.

शुक्रवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी उस्ताद गावाजवळ पोचला. गोदाम सरळ पुढं होतं. पण सात दहा ही वेळ वाईट. नऊ वर्षं याच मिनिटाला त्यानं पेट्रोल पंपाशी डावीकडं वळून पहिलं पोर उचललं होतं. डोकं गोदामाचा विचार करत होतं, हात मात्र आपल्या कामाला लागले. दहा चाकांचा ट्रक डावीकडं वळला, पुन्हा डावीकडं वळला, गल्लीत शिरला आणि मास्तरच्या दुकानासमोर उभा राहिला. उस्तादनं दोनदा हॉर्न वाजवला आणि हात लांब करून पलीकडचं दार उघडलं.

शाळेच्या बसची वाट बघत उभी असलेली सात पोरं दप्तरं सावरत ओळीनं पुढं आली. पहिल्यानं वर चढून विचारलं, "काका, आज मोठी व्हॅन का?"

तेव्हा उस्ताद जागा झाला.

ट्रकचा कोपरा मास्तरच्या पत्र्याच्या शेडखाली अडकला होता. पुढं गल्ली बंद, मागं दोन्ही बाजूंना घरं. सगळ्या खिडक्या उघडल्या.

"वहिनी," मास्तर टेप गळ्यात तसाच टाकून बाहेर आला, "पैज."

"पाऊल कुठं टाकलंय?" ती दारातून म्हणाली. "चाकं आहेत ती."

तेवढ्यात उस्ताद पोराला धरून खाली उतरला.

"हे बघा पाऊल," मास्तर म्हणाला. "दोन्ही."

बायको नवऱ्याकडं बघत होती. तीन दिवसांत दाढी वाढली होती, आणि काय वाईट दिसत होती.

फोन वाजला. मालक होता. "माझ्या मोबाइलवर तुझा ठिपका दिसतोय. तो घरांमध्ये का घुसलाय?"

"वळण चुकलं."

"कुठलं?"

"शाळेचं."

"माल?"

"शाबूत."

"हे बघ, नऊ म्हणजे नऊ. पोचलास तर उद्याच दुसरी खेप आहे, बारा दिवसांची. नाही पोचलास तर व्हॅनच शोध."

बारा दिवस. ते शेजारी उभ्या बायकोनंही ऐकलं. दोघं एकमेकांकडं न बघता शेडकडं बघत राहिले. शेड निघाली नाही, तर काम गेलं. निघाली, तर माणूस बारा दिवस गेला.

"भावजी," शेवटी तीच म्हणाली, "पाना आणा."

पैज जिंकलेल्या मास्तरला स्वतःच्या शेडचे बोल्ट स्वतःच काढावे लागले. "असलं जिंकणं शत्रूवरही येऊ नये," तो वरून पुटपुटत होता. पोरं खालून बोल्ट झेलत होती. आठ वाजता पत्रा उतरला. आता अख्खा ट्रक उलटा बाहेर काढायचा होता, आणि दोन्ही बाजूंना वितीएवढी जागा होती.

"मागं कोण उभं राहणार?" उस्तादनं विचारलं.

बायकोनं पदर खोचला आणि ट्रकच्या मागं गेली. ट्रककडं तोंड करून ती एकेक पाऊल उलटी चालू लागली.

"येऊ द्या," ती ओरडली. "थोडं डावीकडं. मी हरले. येऊ द्या, येऊ द्या. मी हरले. थांबा, पायरी आहे. हं, मी हरले."

खिडक्यांतून टाळ्या पडल्या. म्हातारी दारात खुर्ची टाकून बसली. सात पोरं "काकू हरल्या" म्हणत मागून निघाली, आणि कुठंतरी बस येऊन हॉर्न वाजवून गेली, ते कुणाला कळलंच नाही. आरशात उस्तादला फक्त ती दिसत होती, कधी डावीकडच्या, कधी उजवीकडच्या. घामानं तिचं कपाळ चमकत होतं. एवढा वेळ लागोपाठ त्यानं तिच्याकडं कधी बघितलं होतं, त्याला आठवेना.

साडेआठला गल्ली संपली. एकही कमोड फुटला नव्हता. ट्रक मोठ्या रस्त्याला लागला, आता फक्त पुढं न्यायचा होता.

ती मात्र अजून उलटीच चालत होती, हात हलवत, "येऊ द्या" म्हणत.

"वहिनी," मास्तर मागून म्हणाला, "पैज गल्लीपुरतीच होती."

"माहितीय," ती म्हणाली, आणि आणखी चार पावलं मागं गेली.