कुंडातल्या मुलाखती

गळ्यापर्यंत गरम पाण्यात बुडून कानाए मुरोता नोकरी मागण्याची तालीम करत होती. संध्याकाळी गरम झऱ्याच्या त्या विश्रामगृहात, वरच्या दिवाणखान्यात जिल्ह्यातल्या पत्रकारांचा स्नेहमेळावा होता. नाव आपलं स्नेहमेळावा. वर्तमानपत्रं एकामागून एक बंद पडत असताना स्नेह कुणाला सुचतो? जो तो खिशात कार्डांची चळत घेऊन नव्या नोकरीच्या शोधात यायचा. आज तर मोठ्या दैनिकाच्या नोकरभरती प्रमुख ओनुमासान, म्हणजे ओनुमाबाई, स्वतः येणार होत्या. कानाएने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पण त्यांच्यापुढे काय बोलायचं ते तिने पाठ केलं होतं.

तिचं ‘हामासाकी वार्ता’ हे साप्ताहिक म्हणजे ती आणि म्हातारे संपादक हिराइवासान. दाढ दुखतेय असं त्यांना सांगून तिने सुट्टी घेतली होती.

उघड्या कुंडावर बर्फ भुरभुरत होता. पाण्यातून वाफ वर जात होती, आणि वाफ कुठे संपते नि माणूस कुठे सुरू होतं, काही कळत नव्हतं. त्यात कानाएचा चष्मा कपड्यांच्या टोपलीत.

“तुम्हीपण मुलाखतींसाठीच आलात का हो?” वाफेतून कुणीतरी विचारलं.

“त्याचसाठी तर!” कानाए म्हणाली.

देणारी की घेणारी, हे तिने सांगितलं नाही आणि त्या बाईनेही विचारलं नाही. ती बाई लगबगीने कुंडाबाहेर पडली. कपडे बदलायच्या खोलीत लगेच कुजबुज सुरू झाली, “त्या कोपऱ्यात बसल्यात बघ. मुलाखती घ्यायला आल्यात.”

कोपऱ्यात कानाएच्या पापण्या जड झाल्या होत्या. हातपाय आपले आहेत की पाण्याचे, असं तिला होऊ लागलं होतं.

“नमस्कार, मी निशिगाकी,” शेजारी एक आवाज तरंगत आला. “व्यंगचित्रं काढते. म्हणजे आमचा पेपर बंद पडेपर्यंत काढायचे. कार्ड द्यायचं होतं, पण आत्ता खिसा नाही.”

“हं.”

“महापौरांचं नाक मी डोळे मिटून काढते.”

“हं,” कानाए म्हणाली. एव्हाना तिला वाटत होतं, आपण कचेरीत आहोत आणि कुणी हरवलेल्या मांजराची जाहिरात द्यायला आलंय. अशांना ती नेहमी सांगते तेच तिने सांगितलं, “सोमवारी या की. हामासाकीला, मासळीबाजाराच्या मागे.”

थोड्या वेळाने दुसरा आवाज आला, मऊ आणि दमलेला. “तुमच्याकडे खरंच जागा आहे?”

कानाएच्या मिटल्या डोळ्यांपुढे आता समुद्र पसरला होता. “जागाच जागा,” ती झोपेत म्हणाली. “माणसंच नाहीत.”

पुढचं तिला आठवत नाही. शुद्ध आली तेव्हा ती चटईवर आडवी होती, कपाळावर ओलं फडकं होतं आणि वर टाळ्यांचा कडकडाट चालला होता. स्नेहमेळावा संपत आला होता.

सोमवारी कचेरीच्या दारात एक ठेंगणी बाई उभी राहिली. काखेत चित्रफळी, हातात लाल घेवड्याच्या मिठाईचा डबा.

“मी निशिगाकी. बसू कुठे?”

तो आवाज ऐकताच कानाएला कुंडातलं महापौरांचं नाक आठवलं. हिराइवासान चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिले. “तू दाढ काढायला गेली होतीस की माणसं भरायला?”

ती काही बोलणार, तोच दार पुन्हा सरकलं. राखाडी कोटातली उंच बाई आत आली, कमरेत लवली आणि तिने दोन्ही हातांनी कार्ड पुढे केलं. कानाएने ते वाचलं आणि तिचे कान तापले. ओनुमा. नोकरभरती प्रमुख.

“पत्ता तिथेच वाफेत कानावर पडला होता. ‘जागाच जागा’ म्हणालात, म्हणून आले,” ओनुमासान म्हणाल्या.

“पण तुम्ही तर... तुमचं एवढं मोठं दैनिक!”

“जहाज मोठं असलं की बुडायला वेळ लागतो, एवढंच. वर्षभर मी भरती कसली करतेय? माणसं काढतेय. यादीत आता माझंच नाव उरलंय.”

आता मात्र कानाएला राहवेना. ती पार गुडघ्यांपर्यंत वाकली आणि तिने सगळं सांगून टाकलं: मुलाखत घ्यायला नव्हे, द्यायला गेले होते, तीही तुम्हालाच, दाढ ठणठणीत आहे, कुंडात काय बोलले ते झोपेत बोलले. सांगताना तिला रडू फुटलं. इतकी वर्षं ज्यांनी शिकवलं, त्या हिराइवासानच्या तोंडावर हे बोलावं लागत होतं.

निशिगाकीने उघडलेला मिठाईचा डबा हळूच पुन्हा बंद केला.

“पगार वेळेवर होत नाही,” शेवटी हिराइवासान म्हणाले. “वर्गणीऐवजी बाजारवाले बांगडे देतात. बांगडा चालतो?”

“आवडतो,” ओनुमासान म्हणाल्या.

“मग बसा. खुर्च्या शेजारून आणू.” त्यांनी किटली उचलली आणि चारही पेल्यांत चहा ओतला. कानाएचा पेला त्यांनी नेहमीसारखा काठोकाठ भरला.

“तुम्ही रागावला नाहीत?” कानाएने डोळे पुसत विचारलं.

हिराइवासाननी चहाची वाफ फुंकली. खिडकीबाहेर बर्फ पडत होता, तिकडे ते बघत राहिले.

“कोणत्या तोंडाने रागावू? कचेरीला कुलूप लावून मीपण तिथेच आलो होतो, पुरुषांच्या कुंडात. बोटांना सुरकुत्या पडेस्तोवर बसलो,” ते म्हणाले. “मला कुणी ‘हं’सुद्धा म्हणालं नाही.”