दाजींनी केलेला कादंबरीचा पंचनामा

आमचे शेजारी दाजी कादंबरीचा पंचनामा करत. खरोखरचा, फुलस्केप कागदावर. सारा जन्म रत्नागिरीच्या कोर्टात बेलीफ म्हणून गेला, त्यामुळे चतुःसीमा लिहिल्याशिवाय त्यांना कुठलीच गोष्ट समजत नसे.

कॉलेजात गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच. मुंबईहून सुट्टीला निघताना प्रोफेसरांनी एक इंग्रजी कादंबरी दिली होती. स्थळ, प्रतीक आणि पात्रे यांवरून तिचे सूत्र ओळखून निबंध लिहायचा होता. मला गोष्ट कळली होती, सूत्र काही सापडत नव्हते. वडील तांडेल, मालाचा मचवा हाकणारे. त्यांना काय विचारणार? भीत भीत दाजींकडे गेलो.

"त्यात काय मेल्या! स्थळ म्हणजे चतुःसीमा, प्रतीक म्हणजे मुद्देमाल, पात्रे म्हणजे साक्षीदार. तिन्ही नीट नोंदली की दाव्याचे कारण आपोआप वर येते. तू सांग, मी लिहितो."

दाजींना इंग्रजी येत नसे. मी त्यांच्या पडवीत बसून मराठीत सांगू लागलो. दोन भाऊ, ओढ्याच्या दोन काठांवर दोन घरे, मध्ये मोडका लाकडी पूल. दाजींचा टाक थांबला.

"पूल स्थावर की जंगम?"

मी पाने चाळू लागलो. तेवढ्यात गडग्यापलीकडून आवाज आला, "बाळू, त्या बेलिफाला सांग, जमिनीत रोवलेले सगळे स्थावर!"

हे आप्पा, दाजींचे धाकटे भाऊ. वकिलाकडे कारकुनी केलेले, इंग्रजी वाचणारे. वाटणीत हद्दीवरचा फणस कोणाचा यावरून दोघांचे बोलणे तुटले, त्याला अकरा वर्षे झाली होती. मधला चिऱ्यांचा गडगा कमरेएवढाच.

"बाळू, त्या कारकुनाला सांग," दाजी गडग्याकडे पाठ करून म्हणाले, "फळ्या खिळखिळ्या झाल्या की जंगम!"

मी दोन्हीकडे मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून आप्पा पलीकडे पाट टाकून बसू लागले. नायिका रडली की दाजी 'साक्षीदार फितूर' असा शेरा मारत आणि आप्पा उलटतपासणी मागत. नायिका विलायतेतली. तिला उलट कसे विचारायचे हे न कळून मी तेच पान पुन्हा सांगे.

एका संध्याकाळी दाजींनी जाहीर केले, "दाव्याचे कारण, सदोष वाटणी."

"दावा मुदतबाह्य!" पलीकडून.

मी चाचरत म्हणालो, "मला वाटते, पूल दोघांनाही हवा आहे. पहिली फळी कोणी टाकायची, एवढेच अडले आहे."

आप्पा खोकले. दाजींनी टाक पुसला, पुन्हा पुसला.

"पाने किती उरली रे?"

"नऊ."

"रोज अर्धेच सांग. घाई कसली?"

पण पावसाळ्यासाठी आगबोटी बंद होणार होत्या आणि माझी बोट दुसऱ्याच दिवशी होती. निबंधाला पुस्तक लागणार होते. तरी निघताना मी ते गडग्यावर ठेवले.

ट्रंक घेऊन वळणापर्यंत पोचलो, तोवर आप्पांचा आवाज ऐकू आला. एकेक वाक्य ते मराठीत करून सांगत होते.

"बाळू, त्याला सांग, जरा सावकाश," दाजी म्हणाले.

"बाळू, त्याला सांग, सावकाशच वाचतोय."

मी ओ दिली नाही. बंदराकडे चालू लागलो.