उंबरदरीची तीन लेकरं

रेणुकादास मास्तर सात वर्षं सरकारकडे पृथ्वी मागत होते. बिलोलीजवळच्या उंबरदरीच्या शाळेत फळा होता, छडी होती, त्रेचाळीस मुलं होती. पृथ्वीचा गोल तेवढा नव्हता. मास्तर हातात कवठ धरून भूगोल शिकवत. देठ म्हणजे उत्तर ध्रुव. त्यामुळे परीक्षेत निम्मी मुलं बिनदिक्कत सांगत, की पृथ्वी आतून आंबट असते. दरवर्षी मास्तर तालीमात, म्हणजे शिक्षण खात्याला अर्ज धाडत आणि दरवर्षी उत्तर येई, 'विचार चालू आहे.'

अशात एक दिवस हैदराबादेहून जाडजूड लिफाफा आला. न मागता आला, म्हणून मास्तरांना तिथेच शंका आली.

पत्र इंग्रजीत होतं, सोबत उर्दू तर्जुमा टाचलेला. रेसिडेन्सीतल्या इंग्रज साहेबांच्या आणि परदेशी इंजिनियरांच्या मुलांसाठी राजधानीत एक शाळा होती. तिथल्या चौथीच्या वर्गानं लिहिलं होतं, 'आम्हाला खेड्यांची माहिती हवी आहे. तुमच्या गावात बैल किती? विहिरी किती? धान्य कुठे साठवता? शाळेत मुलं किती? उत्तर पाठवलंत तर आम्ही तुमच्या शाळेला भेट पाठवू.' खाली सही होती : टॉम, वय वर्षं दहा.

मास्तर पत्र घेऊन थेट शेषेराव पाटलांच्या ओसरीवर गेले. लढाईचे दिवस होते, सरकार लेव्हीत जोंधळा उचलून नेत होतं आणि पाटलांची धान्याची दोन पेवं जमिनीखाली काठोकाठ भरलेली होती.

"दहा वर्साचं पोरगं," पाटील म्हणाले, "बैल कशापायी मोजून राहिलं?"

"अभ्यास असेल त्यांचा."

"हाव, अभ्यासच हाय! धान्य कुठं ठिवता, ह्यो इचारतोय. लेकरू न्हाई मास्तर ह्ये. वसुलीचा गिर्दावर हाय, चड्डी घालून आलाय."

शेजारी जोंधळा पाखडत बसलेल्या पाटलीण लक्ष्मीबाईंनी सूप थांबवलं. "अन् भेट कशाची देतंय वो? सरकारनं आजवर देलं का कुणाला कायी?"

मास्तरांना हे पटलं. सात वर्षं मागून जे मिळालं नाही, ते न मागता कोण देतं? पण पत्राला उत्तर न द्यावं, तर तेही संशयाचं. म्हणून उत्तर लिहायला बसले.

"बैल लिवा दोन," पाटील म्हणाले. "त्यातला एक लंगडा."

"विहिरी?"

"एक. खारट."

"धान्य कुठं साठवता?"

"साठवाया उरतं कुठं? तसंच लिवा."

मुलांच्या आकड्याशी मात्र मास्तरांचा हात अडला. ती त्रेचाळीस मुलं त्यांनी दारोदार फिरून, शेळ्यांमागून ओढून आणलेली होती. "त्रेचाळीसच लिहितो."

"दोन बैलांवर त्रेचाळीस लेकरं जगत्यात व्हय? त्यो गिर्दावर काय येडा हाय?"

मास्तर गणितही शिकवत. त्यांनी हिशेब बसवून तीन लिहिलं. लिहिलं आणि दचकले. तीन मुलांसाठी पगारी मास्तर कोण ठेवील? शाळाच बंद होईल! मग लक्ष्मीबाईंनी तोड काढली आणि मास्तरांनी जीव मुठीत धरून शेवटची ओळ लिहिली, 'एक म्हातारे पंतोजी फुकट शिकवतात.' सही न करता पत्र रवाना झालं.

महिन्याभरानं बैलगाडीतून खोकं आलं. वर चिठ्ठी : 'तुमचं पत्र वाचून आमचा वर्ग रडला. आम्ही पृथ्वीचा गोल पाठवणार होतो. पण बाई म्हणाल्या, तीनच मुलं असलेल्या गावाला आधी ऊब हवी. म्हणून गोल शेजारच्या चिंचोळ्याच्या शाळेला दिला आहे.' खोक्यात तीन जोड लोकरी मोजे होते, दुधाच्या भुकटीचा डबा होता आणि पंतोजींसाठी चांदीच्या मुठीची काठी.

भुकटी लक्ष्मीबाईंनी आधी कुत्र्याला घातली आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे बघत बसल्या. मास्तरांच्या बायकोनं, प्रमोदिनीबाईंनी, काठी उचलून पाहिली. मास्तरांचं वय चौतीस होतं. "घ्या," त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हातारे झालात, हे हैदराबादला आधी कळलं."

मास्तरांना रडूच यायचं बाकी होतं. आलेली पृथ्वी त्यांनी स्वतःच्या अक्षरात परत पाठवली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्रेचाळीस मुलांची रांग लावली आणि चिंचोळ्याला चालत निघाले. निदान डोळ्यांनी तरी बघू देत.

चिंचोळ्याचे महादेवप्पा मास्तर दारातच उभे होते. मागे टेबलावर निळी, गुळगुळीत पृथ्वी होती.

"तुम्हालाही पत्र आलं होतं ना? तुम्ही खरं लिहिलंत?" रेणुकादासांनी विचारलं. "बैल, विहिरी, सगळं? गाव काही म्हणालं न्हाई?"

"गावाला म्या इचारलंच न्हाई," महादेवप्पा म्हणाले. मग त्यांची नजर रांगेवरून शेवटपर्यंत गेली आणि तशीच परत आली. त्यांनी खिशातून एक कागद काढला. "गोलासंगं चिठ्ठी हाय. 'उंबरदरीच्या तीन मुलांना आणि म्हाताऱ्या पंतोजींना गोल जरूर दाखवावा. त्या गावात दोनच बैल आहेत.' तिघांना बसवतो आत. ह्ये बाकीचे एवढे कुणाचे?"

रेणुकादास मास्तरांनी मागे वळून रांगेकडे पाहिलं. पाटील, पेव, गिर्दावर, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मग ते एवढ्या मोठ्यानं बोलले, की आतली मुलंही उठून उभी राहिली.

"माझे! सगळे माझेच हायत! त्रेचाळीस! मोजून घ्या!"

महादेवप्पांनी मोजले. एकदा मोजले, परत मोजले. मग दार निम्मं लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले,

"दोन बैल अन् त्रेचाळीस लेकरं? मास्तर, तुम्ही कायीतरी लपवून राहिलात."