अप्पांचं इंजन

राजशेखरचं डोकं तापलं होतं. बीदरला नौबादच्या एका कॉलेजात तो पोरांना मोटारीचं इंजिन शिकवायचा, आणि त्याचा सत्तरीचा बाप जगदेवप्पा लेकीकडच्या नातीच्या बारशाला कोहिनूर गावाहून कलबुर्गीपर्यंत जुनाट गाडी स्वतः हाकत जाणार होता. परवाच रविवारी. "गाडी काढायची न्हाई" एवढं म्हणताच अप्पांनी फोन ठेवून दिला होता.

"आता कम्प्युटरच सांगंल त्यांना," तो बायकोला, नेत्रावतीला म्हणाला. कॉलेजातल्या सॉफ्टवेअरमध्ये माहिती भरली, की इंजिन न उघडता त्याची ताकद आणि गाडीचा वेग कळायचा.

त्याने अप्पांना पुन्हा फोन लावला. या वेळी शहाणपणाने गाडीचं नावच काढलं नाही.

"अप्पा, इंजन कसं हाय सध्या?"

अप्पा विरघळले. दहा वर्षांत पोराने पहिल्यांदाच विचारलं होतं. "थकलंय रे. काळा धूर सोडायलाय. पट्टा सारखा सुटायलाय."

"मिनिटाला फेरे किती?"

"पाटीवर साडेसहाशे लिवलंय. आता तेवढे बी कुठले?"

साडेसहाशे फेऱ्यांत गाडी फार तर रांगते, हे तो दरवर्षी फळ्यावर लिहितो. पण आपलंच खरं करायला निघालेल्या माणसाला फळा दिसत नाही. त्याने आकडे भरले. निकाल आला: कमाल वेग ताशी अकरा किलोमीटर.

"हे पोचस्तोवर पोरगी बालवाडीत जाईल," म्हणत त्याने निकालाचा कागद छापला आणि रागारागाने कोहिनूरच्या बाबूलाल मिस्त्रीला फोन लावला. "अप्पांचं इंजन काढून ने."

"अप्पा नाराज होतील ना, साब."

"होऊ दे. मी बघून घेतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात हॉर्न वाजला. तीच गाडी. धूर नाही, काही नाही. पुढे अव्वा, त्याची आई, बसलेली, आणि उतरणाऱ्या अप्पांचं तोंड लालबुंद.

"माझं इंजन कामून काढायला लावलास? कांदा माना टाकायलाय तिकडं!"

"अप्पा, इंजन तर गाडीतच हाय."

"गाडीतलं कोण म्हणालंय? हिरीवरचं नेलंय बाबूलालनं."

राजशेखरला आता उमगलं. कोहिनूरात इंजन म्हणजे विहिरीवरचं, पाणी उपसायचं. गाडीतल्याला सगळे गाडीच म्हणतात. लहानपणी तोही तसंच म्हणायचा. त्याला स्वतःचाच संताप आला.

"बस मागं. बाबूलालनं सगळं खोलून ठेवलंय. रातच्याला तूच जोडून द्यायचं, उद्या बारशाला जायचंय," अप्पा म्हणाले.

गाडी नव्वदने सुटली. राजशेखरने घडी केलेला कागद पुढे केला. "सॉफ्टवेअर चुकलं न्हाई, अप्पा. त्या इंजनाला ताशी अकराच जमतंय."

अप्पांनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही.

"असंल की. पण माझ्या हिरीला कुठं कलबुर्गीला जायचंय?"