कढीपत्त्याखालचा साप

त्र्यंबककाकांनी उभी नोकरी तेलाच्या विहिरींवर काढली होती. दीड एकराचे तीन वाटे पाडणं म्हणजे त्यांच्या मते चहा निवायच्या आत उरकायचं काम!

जमीन शुगर लँडमधल्या त्यांच्या घरापासून चाळीस मैलांवर. काका, त्यांच्या ओळखीतला गिरीश आणि शेजारचा टॉम गॅलगर या तिघांनी सहा वर्षांपूर्वी सामाईक घेतलेली. सामाईक म्हणजे भेंडी सगळ्यांची आणि तण काकांचं! शेवटी ठरलं, ज्याची त्याची जमीन ज्याच्या त्याच्या नावावर करायची.

"जपून हं," टॉम म्हणाला. "आयर्लंडमध्ये माझ्या आजोबांच्या गावाचं डोंगरावरचं कुरण असंच सामाईक होतं. वाटणीला चौतीस वर्षं लागली."

"त्यांच्यात इंजिनिअर नसणार!" काका म्हणाले.

नियमही काकांनीच घातला. जो वाटे पाडेल, त्याने शेवटी उचलायचं. वाटे त्यांनी प्रामाणिकपणे सारखे पाडले. पण जीव अडकला होता ओढ्याकाठच्या तुकड्यात, तिथल्या कढीपत्त्याच्या झाडात. एका भयंकर गारठ्याच्या फेब्रुवारीत काकांनी आपली रजई त्या झाडाला गुंडाळली होती. शैलजाकाकू तेव्हापासून त्याला सवतच म्हणत.

आता तो तुकडा शेवटपर्यंत उरायला तर हवा! शनिवारी खुंट्या ठोकता ठोकता काकांनी सहज म्हणावं तसं म्हटलं, "तिकडे पाणी साचतं हं. लाल मुंग्या आहेत. आणि झाडाखाली साप आहे. मी पाहिलाय, हा एवढा!"

पहिली पाळी गिरीशची. त्याने बायकोकडे, सुचित्राकडे पाहिलं.

"काका, ओढ्याकडचा आम्ही घेतो."

काकांच्या हातातला हातोडा निसटला. "अरे, पण साप!"

"म्हणूनच तर! या वयात, असा गुडघा घेऊन तुम्ही तिथे जाणार? आम्हाला बरं वाटेल का?"

"मला सवय आहे रे!"

"बघ, स्वतःसाठी वाईट ठेवून आपल्याला चांगलं देतायत," सुचित्राचे डोळे भरून आले. "हल्ली असं कोण करतं?"

काका जितकं 'नको नको' म्हणत, तितके ते थोर होत चालले. दिवाळीतल्या अनारशांचासुद्धा एवढा आग्रह कोणी केला नसेल! शैलजाकाकू मात्र खुर्चीत बसून शांतपणे शेंगा सोलत होत्या.

"यार, सिंपल आहे," गिरीश म्हणाला. "साप झाडाखाली राहतो ना? झाडच काढून टाकतो." आणि त्याने ट्रकमधून करवत आणली!

"खबरदार!" काका झाडाला मिठी मारून ओरडले.

"अहो काका, साप!"

टॉम धावत आला. काय झालं ते गिरीशने त्याला इंग्रजीत सांगितलं. टॉमने एकदा काकांकडे पाहिलं, एकदा झाडाकडे.

"आमच्या गावातही एक म्हातारा होता," तो म्हणाला. "वाटणीच्या दिवशी सांगत सुटला, की सगळ्यात हिरव्या तुकड्यात साप निघतात. लोक घाबरले. मग कोणाच्या तरी लक्षात आलं, आयर्लंडमध्ये सापच नसतात!"

सगळ्यांच्या नजरा काकांकडे वळल्या. शैलजाकाकूंनी आणखी एक शेंग कट्कन मोडली.

गिरीशने करवत खाली ठेवली. "काका, झाड हवं होतं तर सांगायचं ना!"

"ते कसं सांगतील?" शैलजाकाकू म्हणाल्या. "एवढे हुशार इंजिनिअर!"

काकांचे कान लाल झाले होते. तुकडा त्यांनाच मिळाला. टॉमने मधला घेतला, गिरीशने फाटकाजवळचा.

तीन आठवड्यांनी इंडियन ग्रोसरीत सुचित्राला काका दिसले. हातात कढीपत्त्याची दोन पाकिटं.

"अय्या काका, विकत? आणि घरचं झाड?"

"आहे ना. छान आहे," काका म्हणाले आणि बिलाच्या रांगेकडे घाईने वळले.

झाडाखाली साप होता. हा एवढा! काकांनी तो सकाळीच पाहिला होता. पण आता सांगणार कोणाला?