अक्का बसल्या की वाजतंय

मंजुनाथ पुण्याहून सुट्टीवर आला तो आईला साडी नाही, बापाला धोतर नाही, मोटरसायकलला दागिना घेऊन आला. निदान दाक्षायणीला तरी तो दागिनाच वाटला. खोक्यात दोन काळी टोपणं, एक काचेची डब्बी आणि करंगळीएवढा पाना, सगळं कसं फोममध्ये निजवलेलं. पोटच्या पोराला तिनं एवढं जपून निजवलं नव्हतं.

"ही टोपणं चाकातल्या हवेच्या नळीवर बसवायची," दारापुढं फतकल मारून मंजुनाथ सांगू लागला. "ती हवा मोजतात आणि वायर-बियर काही नसताना ह्या डब्बीला कळवतात. डब्बी हँडलवर. हवा कमी झाली की डब्बी ओरडती."

"एका गाडीवर ओरडणारी दोघं कशाला?" दाक्षायणी उंबऱ्यातून म्हणाली. "मी बसतीच की मागं."

यावर तिचे यजमान शिवप्पा हसायला हवे होते. एरवी हसले असते. पण ते मागच्या चाकाकडं असे बघत होते, जसं कुणी त्यांच्या पानाच्या डब्याला कुलूप घालायलंय.

झालं होतं असं, की मागच्या महिन्यात विजापूर रोडवर शिवप्पांच्या चाकात खिळा गेला आणि भर उन्हात ते गाडी ढकलत आले. हे मंजुनाथला फोनवर कळलं. कुणी सांगितलं? दाक्षायणीनंच, जरा तिखटमीठ लावून. त्यावर पोरगं घाबरलं आणि त्यानं हुकूम सोडला, 'एक तर यंत्र बसवायचं, न्हायतर गाडी विकायची. अप्पांचं वय झालं.'

गाडी विकायची म्हटल्यावर मात्र दाक्षायणीचं तिखटमीठ तिलाच झोंबलं. तोंडानं ती त्या गाडीला खटारा म्हणायची. पण दर सोमवारी सिद्धेश्वराला जाताना त्या खटाऱ्यावर, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून, बाळीवेशीतल्या आपल्या बोळातून ती निघाली की पालखी निघाल्यासारखं वाटायचं. तिला तरी वाटायचं. रिक्षात परक्या माणसाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं. मागची ती जागा तिची होती आणि ती जाऊ द्यायची नव्हती. म्हणून म्हणाली, "बसव बाबा तुझं काय असंल ते."

बसवायला सकाळ गेली. आधी पुढच्या चाकाचा आकडा मागं दिसायला लागला आणि मागचा पुढं. मग डब्बी टोपणांना ओळखच देईना. मंजुनाथ फोनमध्ये बघून बटणं दाबत होता, घामाघूम झाला होता. शेवटी ओळख पटली.

"मागं बत्तीस हवा पाहिजे," तो म्हणाला. "अठ्ठावीसच्या खाली गेली की ओरडणार."

"आणि टोपण काढायचं झालं तर?" शिवप्पांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"काढायचं कशाला अप्पा? चोरीला जाऊ नये म्हणून खाली नट हाय. ह्या पान्याशिवाय निघत न्हाय." मंजुनाथनं इकडंतिकडं पाहिलं. "पाना कुठं गेला? आत्ता हितं होता की."

पाना सापडला नाही. शिवप्पा पानाची चंची कमरेला खोचून आत गेले.

सगळा सोहळा समोरची शरणम्मा आपल्या कट्ट्यावरून बघत होती. शरणम्माला बघण्याशिवाय दुसरं काम नव्हतं. कंबर दुखते म्हणून सुनेनं तिला कामातून काढलं होतं. त्या कंबरेवर दाक्षायणीचंच तेल चाललं होतं. फार वर्षांमागं अकलूजच्या एका लग्नाहून गाडीवर येताना दाक्षायणीची कंबर अशी धरली होती की तिला दोघी शेजारणींनी उचलून घरात नेलं. मग तिनं तिळाच्या तेलात लसूण, ओवा आणि आणखी काय काय घालून कढवलं, चोळलं, आणि त्यानंतर गाडीवर कितीही हिंडली तरी कंबरेनं कधी हूं म्हटलं नाही. तेव्हापासून तिच्या तेलाची बाटली बोळातल्या घराघरांत होती. शरणम्मालाच गुण येत नव्हता. त्याला, दाक्षायणीच्या मते, शरणम्माचा स्वभाव कारण होता.

सोमवार आला. सकाळी शिवप्पा गाडीवर दूध आणायला जाऊन आले, डब्बी गप्प. मग दाक्षायणी इरकल नेसून, केसात फूल माळून बाहेर आली. शिवप्पांनी नेहमीसारखी गाडी फडक्यानं पुसून ठेवली होती. ती बसली. गाडी हलली. बोळाच्या वळणाशी पोचते न पोचते तोच, टी-टी-टी-टी!

असा आवाज त्या बोळात आजवर झाला नव्हता. दोन खिडक्या उघडल्या. शरणम्मा कट्ट्यावरून उठली, तिच्या त्या कंबरेसकट.

"अय्यो! अक्का बसल्या की वाजतंय की!"

हसण्याचा आवाज दाक्षायणीच्या पाठीत बसला. ती खाली उतरली, पदर घट्ट केला आणि सिद्धेश्वराला तिथूनच हात जोडून घरी आली. शिवप्पा कोपऱ्यावरच्या सिदूच्या पंक्चरच्या दुकानाकडं गेले आणि थोड्या वेळानं परतले. तेव्हा डब्बी गप्प होती, आकडा बत्तीस.

मंजुनाथनं एक फेरी मारून बघितली. गप्प.

"यंत्र बरोबर हाय," तो डोकं खाजवत म्हणाला. "अव्वा, रागवू नको, पण तुझं वजन किती हाय?"

"वजन?" दाक्षायणी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुला पोटात घेऊन जोंधळ्याची पोती उचलली, तवा विचारलास का वजन? आता टोपणाला जड व्हायले व्हय मी?"

"तसं न्हाय अव्वा. माणूस बसल्यानं हवा कमी व्हत न्हाय..."

"मग वाजलं का?"

मंजुनाथनं फोन काढून यंत्राची माहिती पहिल्यापासून वाचायला घेतली.

गुरुवारी बाजाराला निघताना तिनं काळजी घेतली. इरकल सोडून साधं लुगडं नेसली, कंबरेचा चांदीचा छल्ला काढून ठेवला, पिशवी घेतली ती पण रिकामी. शिवप्पांनी गाडी पुसून ठेवलीच होती. ती फुलासारखी अलगद टेकली. वळणापर्यंत गेली. टी-टी-टी-टी!

"छल्ला काढून बी वाजलं?" शरणम्मानं कट्ट्यावरूनच विचारलं. ह्या बाईची नजर म्हणजे!

दाक्षायणी गाडीवरून उतरून मागं वळली ती सरळ शरणम्माच्या कट्ट्यापाशी. शिवप्पा तेवढ्यात सिदूकडून जाऊन आले. ते आल्याबरोबर दाक्षायणीनं किल्ली मंजुनाथच्या हातात दिली.

"उठ शरणम्मा. तू बस मागं. बघू दे तुला वाजतंय का."

आता शरणम्मा म्हणजे कुणी काडी नव्हे. ती कट्ट्यावर बसली की शेजारी मांजरालाही जागा उरत नसे. ती मंजुनाथच्या मागं बसली तशी गाडीचं मागचं अंग खाली दबलं आणि पुढचा दिवा आभाळाकडं बघायला लागला. मंजुनाथनं बोळाच्या टोकापर्यंत नेली, सिदूच्या दुकानाला वळसा घातला, परत आणली.

डब्बी एक अक्षर बोलली नाही.

शरणम्मा उतरली ती लग्न ठरल्यासारखी लाजत. "मला तर काय जाणवलं बी न्हाय बाई," ती म्हणाली. "मऊ चालवतंय पोरगं."

"अव्वा, आता तू बस माझ्या मागं, बघू," मंजुनाथ म्हणाला.

"मी न्हाय बसायची! त्या डब्बीपुढं परत परीक्षा द्यायला मी काय शाळेत हाय व्हय? शाळा मी दुसरीतच सोडली!"

त्या संध्याकाळी ती जेवली नाही. भूक नाही म्हणाली. शिवप्पांनीही अर्धी भाकरी ताटात ठेवली. एकदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मंजुनाथकडं बघितलं आणि उघड्या तोंडात चटणी घातली.

"असं असंल तर गाडी विकूच या," मंजुनाथ म्हणाला. "अव्वाला बसायचं न्हाय, अप्पांना मी एकट्याला सोडणार न्हाय. उद्या मंद्रूपला रिक्षा करू."

मंद्रूपला दाक्षायणीची धाकटी बहीण शिवलीला राहायची. तिच्या नव्या घराची घरभरणी होती. धाकटीच्या दारात थोरलीनं भाड्याच्या रिक्षातून उतरायचं, आणि का, तर म्हणे थोरली बसली की गाडी बोंबलते! शिवलीलाला हे कळायला वेळ लागला नसता. शरणम्माची भाची मंद्रूपातच दिली होती.

रात्रभर दाक्षायणी त्या डब्बीशी मनातल्या मनात भांडली. पहाटे तिनं ठरवलं, कुणी उठायच्या आत आपण एकटीनंच गाडीवर बसून बघायचं. वाजलं तर वाजलं, ऐकायला कुणी नाही. नाही वाजलं तर मग आहेच शरणम्मा आणि आपण. ती आवाज न करता आवरून दारापाशी आली आणि जागच्या जागी थांबली.

तिच्या आधी तिथं कुणीतरी होतं. शिवप्पा मागच्या चाकाजवळ उकिडवे बसले होते. त्यांनी बोळात दोन्हीकडं पाहिलं, चंची सोडली, सुपारीच्या बाजूनं तो करंगळीएवढा पाना काढला, टोपण फिरवून बाजूला ठेवलं आणि काडीनं नळी दाबली.

फुस्स.

"अस्सं!" दाक्षायणी म्हणाली.

पाना शिवप्पांच्या हातातून खाली पडला.

"म्हंजे तुमी व्हय! मी त्या डब्बीला शिव्या घालायले, आणि बोळभर माझी अब्रू काढायला घरचाच माणूस बसलाय हितं! उपाशी निजले मी काल, उपाशी!"

"हळू बोल. मंजू उठंल."

"उठू दे की! बघू दे बापाचे गुण!"

"उठला तर गाडी विकंल."

हे खरं होतं. दाक्षायणीनं आवाज खाली आणला, धार तशीच ठेवली. "का सोडायलाव हवा? बोला."

शिवप्पा चाकाकडं बघत म्हणाले, "कंबर."

"कुणाची?"

"तुझीच की. चाक टणक असलं की खड्डा नीट वर येतो, कंबरेत. मऊ असलं की चाकातच जिरतो. तू निघायच्या आधी जरा सोडतो. तुला पोचवलं की कुटंतरी परत भरतो."

"कवापासनं चाललंय हे?"

"अकलूजपासनं."

दाक्षायणीच्या डोळ्यांपुढं ओळीनं बाटल्या उभ्या राहिल्या. बोळातल्या प्रत्येक घरातली एकेक, तिळाच्या तेलाची, लसूण-ओवा घातलेली.

"मला सांगायचं न्हाय व्हय?" ती शेवटी म्हणाली.

"तू सगळ्यांना तेलाचं सांगायलीस. मग राहू दिलं."

"आणि डब्बी आल्यावर तरी?"

"दर खेपेला जरा जरा कमी सोडून बघायलोय. डब्बीला कळू नये आणि तुला लागू नये, एवढीच." शिवप्पांनी खाली पडलेला पाना चाचपडत उचलला. "जमंना. तुझी अब्रू जायली हे दिसत होतं. पण तू रुसलेली बघवती मला. कंबर धरून बसलेली न्हाय बघवत."

दाक्षायणीनं वाकून मागचं चाक अंगठ्यानं दाबून बघितलं. मग नाक ओढून म्हणाली, "मग अर्धवट काय सोडलाव? मंद्रूपचा रस्ता कसा हाय ठावं न्हाय का? सोडा आणि थोडी. आणि चालवा हळू."

फुस्स.

ऊन चढायच्या आत ती इरकल नेसून, छल्ला लावून, फूल माळून मागं बसली. गाडी हलली आणि डब्बीनं बोंब ठोकली. मंजुनाथ तोंडात ब्रश घेऊन बाहेर पळत आला.

"अप्पा, थांबा! मागची हवा कमी हाय!"

"ठावं हाय आमाला," दाक्षायणी म्हणाली. "सवयीची हाय ती."

"अव्वा, पण डब्बी ओरडायली..."

"ओरडू दे. ह्या गाडीवर ओरडायचा मान माझा हाय, आजचा दिवस तिला दिला. आणि गाडी विकायचं नाव काढलंस तर मला बी सोबत विक. वजन विचारून घे गिऱ्हाइकाकडनं."

समोर शरणम्मा कट्ट्यावर येऊन उभी होती. "अक्का! वाजायलंय की!"

"ऐकू येतंय मला." दाक्षायणीनं नवऱ्याच्या खांद्यावर थाप मारून गाडी थांबवली. डब्बीही दम खायला थांबली. जे बोलायचं होतं ते तिच्या तोंडातून सहजासहजी निघेना. "आणि शरणम्मा, ते तेल लावू नको आता. काय गुण न्हाय त्यात."

"अय्यो शिवा! मग तुमची कंबर कशानं बरी झाली?"

दाक्षायणीनं पदर सावरला, खांद्यावरचा हात जरा पुढं सरकवला. शिवप्पांनी गाडी सोडली.

टी-टी-टी-टी!

"ऐक," दाक्षायणी मागं न बघता म्हणाली, "सांगायलंय की."