मागल्या तुळईच्या दोन कड्यांची हकीकत

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे चरणी मस्तक ठेवून, वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकिले आणि डोळ्यांनी पाहिले तितुके येथे मांडिले. शके अठराशे वीस, विलंबी नाम संवत्सरे, या नदीकाठच्या कसब्यात मेथडिस्ट मंडळीचे राज्य स्थापन जाहले, ते ऐसे. समुद्रापलीकडचे एक पाद्रीसाहेब तट्टावर बसून आले, आणि त्यांच्या मागून पायी रिबेकाबाई आल्या. रिबेकाबाई म्हणजे बायबलबाई, दारोदार जाऊन शास्त्र वाचून दाखविणार. पाद्रीसाहेबांची मराठी पुस्तकातली आणि बाईंची पाणवठ्यावरची, म्हणोन लोक साहेबांस पाहावयास जमत आणि बाईंचे ऐकावयास थांबत. मग पुढल्या साली मोठा दुष्काळ पडला, आणि रिबेकाबाईंनी चुलीवर हंडा चढविला तो वर्षभर उतरविला नाही, आणि जेवून गेले त्यांस कोणी अडविले नाही, आणि राहिले ते मंडळी जाहले. मग ज्या निंबाखाली उपासना भरे तेथे जागा पुरेना, तेव्हा देऊळ बांधावे ऐसा मनसुबा ठरला. नदीचा दगड, हाताने मळलेला चुना आणि सागाच्या तुळया. पुरुषांनी भिंती रचिल्या आणि बायकांनी दगड वाहिले, कडेवर पोर आणि डोईवर पाटी, आणि ऐशा रीतीने दोन उन्हाळ्यांत देऊळ उभे राहिले. मोठी जिद्दीची माणसे.

त्या राज्यात सुभेदार म्हणजे पाळकसाहेब, मंडळीचे धर्मगुरू. वार्षिक परिषदेचा हुकूम आला की भांडी पोत्यात बांधून, पाळकीणबाईंस आणि मुलांस घेऊन दुसऱ्या सुभ्यावर कूच करणार. त्यांत बाजाची पेटी उत्तम वाजविणारे जाहले, आजाऱ्याच्या उशाशी बसण्यात ज्यांचा हात कोणी धरीना ऐसेही जाहले, आणि एक तर मधमाश्या पाळणारे जाहले. सुभेदार येत आणि जात, परंतु बाकडी राहत, आणि राज्य खरे बाकड्यांवर चाले. शके अठराशे चौऱ्याहत्तरात सतरंज्या गेल्या आणि बाकडी आली, आणि ज्या घराने जे बाकडे धरिले ते त्याचे वतन जाहले. शेवटचे, दाराजवळचे, दुशिंगांचे. तेथे बसून पुढल्या पिढीत कारभारी शमुवेलराव दुशिंग सर्व राज्यावर नजर ठेवीत, कोण उशिरा आले, कोण उपदेशात पेंगले, आणि पावसात गळती लागली तर सत्तरीच्या घरात असूनही स्वतः शिडीवर चढत. आणि त्या बाकड्याच्या नेमके वर, मागल्या तुळईस, दोन लोखंडी कड्या होत्या. बत्त्यांच्या कड्या, ऐसे सर्व म्हणत, आणि दर नाताळात एकीस तारा आणि दुसरीस सोनेरी कागदाची घंटा टांगीत.

मग शके एकोणीसशे चाळीस आले. संवत्सर फिरून विलंबीच, राज्यास एकशेवीस वर्षे पुरी. त्या समयी अमोलिकांच्या घरी सून करुणाबाई, बीएस्सी पास, आणि तिचा पाच महिन्यांचा पुत्र नथान. पावसाळ्यात त्याची छाती भरली होती, तेव्हापासून बाई घड्याळ समोर ठेवून त्याचे श्वास मोजी, आणि मोजून झाले की पुन्हा मोजी. तो पुत्र घरी शांत, परंतु पुलपीटावरून, म्हणजे उपदेशाच्या चौथऱ्यावरून, पहिला शब्द निघाला की टाहो फोडी. मग मागून शमुवेलरावांचा सूर येई, "सूनबाई, बाळराजांना जरा वारं दाखवून आणा." ती उठे आणि निंबाखाली उभी राही, आणि उपदेशातले जितुके खिडकीतून बाहेर पडे तितुके वेची. पाच महिन्यांत तिने एक उपदेश पुरा ऐकिला नाही. आणि आता कार्तिक लागला, वारा नदीवरून येऊ लागला, आणि तिला वाटे, देवाच्या दारी उभे राहून पोरास पुन्हा खोकला लागला तर मी कोणास काय सांगू?

ऐशात वर्दी आली की वर्धापनदिनास बिशपसाहेब जातीने येणार, एकोणीस वर्षांनी. नथानाचा बाप्तिस्मा त्यांच्याच हस्ते ठरला. घरात आनंद जाहला, तोच कारभाऱ्यांचा हुकूम सुटला की त्या दिवशी तान्ह्या मुलांच्या आयांनी बाहेर मंडपात बसावे, तेथे कर्णा लावू, आणि बाप्तिस्म्यापुरते आत यावे. करुणाबाईने ऐकिले आणि पोरास छातीशी धरिले.

मंगळवारी महिला समाज झाडलोटीस जमला. करुणाबाई शिडीवर चढून तुळईवरची जळमटे काढीत होती, आणि काढता काढता थांबली. त्या कड्या आतल्या अंगाने झिजल्या होत्या, दोन्ही सारख्या, गुळगुळीत, बांगडीसारख्या. बत्ती टांगली तर नुसती लोंबते, तिने लोखंड का झिजावे? आणि बत्ती दाराशी कशाला, वाचणारा तर पुलपीटाशी. तिने पदर दोन कड्यांमध्ये ताणून धरिला, जेथवर आला तेथे गाठ मारिली, आणि खाली कोणास न सांगता घरी गेली. घरच्या पाळण्याच्या कड्यांस पदर लाविला. गाठ बरोबर गाठीच्या जागी.

मग ती थेट सालोमीबाई भांबळ यांच्याकडे गेली. वय एक्याण्णव, राज्यातले सर्वांत जुने माणूस. "सालोमीआजी, देवळात पाळणा होता का हो?" म्हातारी हसली, दात नव्हते तरी बहुत हसली. "होता का म्हणजे? मी त्यात झोपलेय की. रिबेकाबाईंनीच टांगायला लावला होता. म्हणायच्या, जिनं दगड वाहिले तिनं बाहेर का बसायचं? वचन वाचता वाचता दोरी ओढायच्या. मग ती बाकडी आली, पाळणा बाकड्याला आपटायला लागला, म्हणून उतरवला." करुणाबाई म्हणाली, "आणि आजी, इतकी वर्षं तुम्ही बोलला नाहीत?" "मला कोण विचारतंय, बाई? मला विचारतात ते गोळी घेतली का, एवढंच."

गुरुवारी देवळात सभा भरली. पाळक तिवडेसाहेब अध्यक्षस्थानी, शमुवेलराव उजवीकडे. करुणाबाई उठली, आणि पदराची गाठ सर्वांस दाखवून म्हणाली, "त्या कड्या पाळण्याच्या आहेत. तिथं पाळणा टांगू द्या." शमुवेलराव म्हणाले, "सूनबाई, हे देऊळ आहे की बाळंतिणीची खोली? बिशपसाहेब काय म्हणतील?" तेव्हा तिचा आवाज चढला. "काका, ज्याला त्या दिवशी मंडळीत घ्यायचं, त्यालाच लगेच मंडळीबाहेर काढायचं, याला बिशपसाहेब काय म्हणतील?" शमुवेलराव म्हणाले, "आणि पाळण्याखाली आमचं बाकडं आहे त्याचं काय? वडिलांपासून बसतोय तिथं." मग सालोमीबाईंनी काठी आपटली. "शमू, तुझा बाप बाकड्यावर बसायच्या आधी तू पाळण्यात होतास. दोन वर्षांचा होईतो उतरायला तयार नव्हतास. तुझी दुपटी मी वाळत घातलीयत याच निंबावर. सांगू पुढचं?" पाळकसाहेबांनी हसू लपविण्यास रुमाल काढिला. शमुवेलराव बहुत वेळ वर तुळईकडे पाहात राहिले, आणि मग हळू आवाजात म्हणाले, "आई गाणं म्हणायची, एवढं आठवतं. कुठं, ते आठवत नव्हतं." आणि उठले, आणि बाकड्याचे एक टोक स्वतः धरिले, आणि अमोलिकांचा मुलगा, करुणाबाईचा नवरा, याने दुसरे धरिले, आणि सहासष्ट वर्षांचे वतन भिंतीशी सरकले.

कार्तिक शुद्ध दशमी, रविवार. बिशपसाहेब आले, ढोलताशे वाजले, नथानाचा बाप्तिस्मा यथासांग जाहला, आणि पाणी डोईवर पडताच त्याने ऐसा टाहो फोडिला की बिशपसाहेबांनी पुढला शब्द विसरून पुन्हा आरंभ केला. करुणाबाईने त्यास त्या कड्यांस टांगलेल्या पाळण्यात घातले आणि आपण पुढल्या बाकड्याच्या कडेस बसली. उपदेश सुरू जाहला, तो रडू लागला, ती सवयीने उठली, तो शमुवेलरावांनी मागून हात करून तिला बसविले. दोरी त्यांच्या हाती होती. कड्या कुरकुरू लागल्या, सावकाश, एका लयीत, आणि रडे थांबले. करुणाबाईने घड्याळ पाहिले नाही. तिने उपदेश पहिल्यापासून शेवटापर्यंत ऐकिला, आणि बिशपसाहेब बहुत लांब बोलतात ऐसे तिचे मत जाहले, परंतु एक शब्द सुटला नाही. दुसऱ्या बाकड्यावर सालोमीबाई तो कुरकुर आवाज ऐकत ऐकत झोपी गेल्या. कारभाऱ्यांनी पाहिले, आणि पेंगणाऱ्यास उठविण्याचा त्यांचा रिवाज असता, त्या दिवशी कोणास उठविले नाही.

येणेप्रमाणे राज्य एकशेवीस वर्षे चालिले, पाळक बदलले, सतरंज्या गेल्या, बाकडी आली, बाकडे सरकले, आणि पाळणा पुन्हा जागी आला. पुढे नाताळात तारा दुसऱ्या तुळईस लाविला. जे घडले ते इतुके, आणि ते बरे घडले.